राऊंड फिगर

सभा सुरू झाली अकरा वाजून पाच मिनिटांनी,
नरिमन पॉइंट, एकोणिसावा मजला.
काचेबाहेर समुद्र होता. त्याची नोंद घेतली नाही.
बावीस वर्षं मी ह्या कंपनीची इतिवृत्तं लिहिते,
समुद्र कधी विषयपत्रिकेवर आलेला नाही.

विषय क्रमांक चार : भांडुपचा पंपांचा कारखाना.
कारखानीस साहेबांनी फाइल उघडली नाही.
(त्यांच्या आडनावावरचे विनोद
पहिल्याच वर्षी करून झाले, त्यांच्यामागे.)
"बंद," ते म्हणाले.
दोन अक्षरं आणि एक अनुस्वार.
मी लिहिलं : सखोल विचारविनिमयानंतर
भांडुप येथील उत्पादन थांबविण्याचा निर्णय घेण्यात आला.

सातवीत, कुर्ल्याच्या शाळेत, ओगलेबाई सांगायच्या :
कर्ता सापडत नसेल तर धातूला 'णारा' लावा
आणि विचारा, कोण?
घेणारा कोण?
थांबविणारा कोण?
वाक्य माझ्याकडे बघत राहिलं,
मग मी पुढचं टाइप केलं.

साहेब वाईट आहेत असं नाही म्हणायचं मला.
आईच्या गुडघ्याच्या वेळी
सर्जनला त्यांनी स्वतः फोन केला होता.
दिवाळीच्या डब्यावर माझं नाव ते हातानं लिहितात,
ऱ्हस्व-दीर्घ बरोबर.
पण गेल्या वर्षी बाथरूमच्या टाइल्स निवडायला
त्यांना सात आठवडे लागले.
करड्याच्या एकवीस छटा माझ्या टेबलावर पडून होत्या.
"घाई नको," म्हणाले, "रोज बघायचं असतं आपल्याला."

भांडुप रोज बघायचं नव्हतं.

मनुष्यबळ विभागाच्या दारूवालाबाईंनी आकडा सांगितला,
दोनशे बारा.
साहेब फोनवर काहीतरी वाचत होते. मान वर न करता :
"सव्वादोनशे करा. राऊंड फिगर बरा दिसतो."
कोणीतरी हसलं. कोण, तेही लिहिलं नाही.

आता तेरा माणसं कमी पडत होती,
तेरा, पंगतीत पानं कमी पडावीत तशी.
यादी इंग्रजीत होती, तळातून उचलली.
वाघचौरे. येवले. झगडे. झेंडे. झोरे.
मराठीत असती तर झेंडे वाचले असते,
आपल्याकडे झ नववा,
च-छ-जच्या आडोशाला.
आपल्या तळाला असतो क्ष.
मी क्षीरसागर.
भांडुपच्या यादीत माझं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता.
तरी रात्री एकदा उघडून पाहिली.

अकरा सोळाला विषय क्रमांक पाच.

मार्चमध्ये साहेबांना पुरस्कार मिळाला, वांद्र्याच्या हॉटेलात.
मानपत्राचा मजकूर माझ्याकडे आला.
धडाडी हा शब्द मीच घातला.
मग निर्णयक्षम.
शेवटी एक काना राहिलाय असं वाटून
दोनदा वाचला शब्द.
राहिला नव्हता.

एप्रिलात झेंडे आले, अनुभवाचा दाखला न्यायला.
शर्टावर पाहुण्यांचं स्टिकर, उलटं लागलेलं.
दाखल्यावर स्पेलिंग चुकलं होतं, ते म्हणाले, राहू द्या, चालतंय.
मी म्हटलं, नाही, बदलून देते.
तेवढं मात्र मी बदलून दिलं.

प्रिंट निघेपर्यंत ते काचेशी उभे राहिले.
"इथनं दिसतो होय," म्हणाले, समुद्राला.
मग पाण्याच्या कूलरपाशी गेले,
पाणी न पिता तळहात टेकवला त्याच्या कुशीला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा,
आणि मान कलती केली.
"बेअरिंग जातंय ह्याचं. आठवड्यात बसंल.
सांगून ठेवा कोणाला तरी."

तेरा हा आकडा त्यांना ठाऊक नव्हता.
मी सांगितला नाही.

आज सहावा दिवस.
कूलर बारीक आवाज करतो आहे.
बाकी कोणाला ऐकू येत नाही.